मूग आणि उडीद

बदलीचा ट्रक साकोलीच्या पुढे येऊन थांबला.
कपाट, गाद्या, बायकोची शिलाई मशीन,
आणि समृद्धीच्या मांडीवर लोणच्याची जुनी बरणी.
तिच्यात चार बोटं पाणी,
पाण्यात दोन कासवं, क्रीमच्या बिस्किटाएवढी.
हिरवं ते मूग. जरा काळपट तो उडीद.
वाशिमच्या पोरीला दुसरी नावं कुठून सुचणार.

नववा दिवस. दोघांनी तोंड उघडलेलं नाही.

मी गुरांच्या दवाखान्यातला माणूस.
पोट फुगलेली म्हैस, अडलेली गाय,
शेळीचा जबडा फाकवून नळीने औषध पाजणं,
एकोणीस वर्षं हेच केलं.
पण आत ओढून घेतलेल्या मानेला
नळी कुठून लावायची?
डॉक्टरसाहेबांना विचारलं.
ते म्हणाले, आम्हाला कासव अर्धं पान होतं,
परीक्षेला येत नव्हतं.

दुकानदाराने दिलेले दाणे फुगून फुटले.
कोथिंबीर तरंगत राहिली, काळी पडली.
उकडलेल्या अंड्याने तर टपाला असा वास सुटला
की शेजारचं कुत्रं येऊन बघून गेलं.

समृद्धी टपाशी उकिडवी, हनुवटी गुडघ्यावर.
खा ना रे. एक घास. माझ्यासाठी.
मागे तिचं ताट, भाताचा ढीग तसाच,
वर वरणाची साय धरलेली.
या मुलखात सगळे भात खातात, दोन्ही वेळा.
चक्कीवाल्याला ज्वारीचं पीठ विचारलं
तर म्हणाला, कोन बिमार हाय जी घरी?
गावाहून आणलेलं पीठ बायको चाळत नाही आता.
कोंडाही पुरवते.

पारबता वलथरे आली शेळी घेऊन, जंताच्या औषधाला.
डोक्यावर टोपली, टोपलीत बोडीतले झिंगे.
जाता जाता टपात बोट घातलं
आणि चटका बसल्यासारखं काढलं.
"पुसाच्या थंडीत एवढ्या गार पान्यात?
तुमाले बसवू का जी?
अन् हे पोरगी दिवसभर डोरे लावून बसते.
तुमच्या तोंडाकडे असं कोनी पाह्यलं
त घास उतरंल का?"

डोरे.
आमच्याकडे डोळ्यांचे डोये होतात, इथे डोरे.
अडीचशे मैल आलो तर डोळेसुद्धा बदलतात.

तिने पळसाच्या पानावर अकरा झिंगे मोजून दिले, जिवंत.
पैसे घेतले नाहीत. गोळ्या मात्र दोन जास्त नेल्या.

टप उचलून दक्षिणेच्या भिंतीशी नेला, उन्हात.
अर्धी वीट ठेवली चढून बसायला.
नळाचं पाणी ओतून दिलं,
तलावातून दोन बादल्या आणल्या,
त्यात शेवाळ आलं, गोगलगाय आली, येऊ दिली.
अर्ध्या टपावर गोणपाट.
आणि मग घरात येऊन बसलो तिघं,
आपल्याकडे कासवं नाहीतच अशा चेहऱ्याने.
बायकोने मशीनवर पाय ठेवला,
आवाज होईल म्हणून काढून घेतला.
समृद्धीने एकदा तोंड उघडलं. मी डोळे मोठे केले.
चुकलं. लगेच दुसरीकडे बघितलं.

तीन वाजता झिंगे मोजले. दहा.
पुन्हा मोजले. दहाच.
उडी मारून बाहेर पडला असेल
म्हणून टपाभोवतीची माती चाचपली,
मुंग्यांची रांग कुठे जाते तेही पाहिलं.
नाही. कोणीतरी खाल्ला.
मूग की उडीद, कळायला मार्ग नाही.
दोघंही विटेवर, एकावर एक, मान लांब काढून,
जणू आमच्या कुलात मासांच कोणी खात नाही.

रात्री भात, आणि पारबताकडून विकत आणलेले झिंगे, तिखट.
समृद्धी ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली.
बायकोने माझ्याकडे पाहिलं.
मी कॅलेंडरकडे.
जानेवारीचं पान होतं, खताच्या कंपनीचं.
ते आम्ही दोघांनी खूप वेळ वाचलं.